शेजारचा ब्रेक

टेबल संपायला वीतभर जागा उरली होती आणि वळण अजून अर्धंसुद्धा झालं नव्हतं.

घड्याळजीने माउस आणखी उजवीकडे रेटला. पडद्यावरची निळी गाडी मुकाट्याने वळत राहिली. या खेळातलं चाक हात थांबला की आपोआप सरळ होतं, म्हणून वळण आहे तोवर माउस सरकवत राहायचा. उचलून परत डावीकडे ठेवावा, तर तेवढ्यात गाडी भिंतीची पापी घेते. बाकीचे स्पर्धक आपापल्या घरी खरंखुरं स्टिअरिंग लावून बसले होते. काहींनी म्हणे हातमोजेही घातले होते. घड्याळजीकडे माउस होता. कारण लग्न झाल्या झाल्या बायकोने बजावलं होतं, या घरात स्टिअरिंग एकच, आणि ते माझ्या हातात.

बायकोचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्धं गाव तिच्या हाताखालून रस्त्यावर आलेलं. सगळे तिला मॅडम म्हणत. नवराही. तोही एकेकाळी तिचाच विद्यार्थी, आणि शाळेच्या इतिहासातला एकमेव नापास. शाळेच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी मॅडमच्या पायाशी. पण मॅडमना पाय हलवायची गरजच पडत नसे, असं तो प्रामाणिकपणे सांगायचा. प्रत्येक वळणाआधी त्याची गाडी आपणहून आचका द्यायची आणि बंद पडायची. परीक्षेच्या दिवशी मागच्या सीटवर लायसन देणारे साहेब बसले होते, तरी तीच गत. शेवटी साहेब उतरून चालत निघाले आणि गाडीच्या आधी ऑफिसात पोचले. तेव्हापासून त्याचं नाव पडलं कासव.

कासवाने दुसऱ्याच दिवशी पहिल्या धड्यापासून पुन्हा नाव घातलं. त्या दुसऱ्या खेपेत एकदा भर चौकात गाडी बंद पडलेली असताना त्याने मॅडमना मागणी घातली. मागे हॉर्न वाजत होते. मॅडम हो म्हणाल्या. चाक हाती देण्यासारखा नाही, निदान हात तरी द्यावा, असा गावाने त्याचा अर्थ लावला.

आज मात्र पैज होती. कुठेही न धडकता शर्यत पुरी केली, तर उद्या सकाळी मॅडम त्याला गाडी देणार आणि पुन्हा परीक्षेला बसवणार. धडकला, तर जन्मभर शेजारची सीट.

म्हणून जेवणाचं टेबल मोकळं केलं होतं. पाण्याचा जग हलला, फुलदाणी हलली. सासूबाई हलल्या नाहीत. टेबलाच्या उजव्या टोकाला त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हे जेवायचं टेबल आहे, हमरस्ता नव्हे, असं त्यांनी जावईबापूंना सुरुवातीलाच ऐकवलं होतं.

मॅडम त्याच्या शेजारी. पहिल्या वळणाआधी टेबलाखाली आवाज झाला. थप. मॅडमचा उजवा पाय फरशीवर. दुसऱ्या वळणाआधी पुन्हा थप. घड्याळजीचा कान तो. दुकानात भिंतभर घड्याळं एकदम चालू असली, तरी कुठलं अडखळतंय ते त्याला पाठ फिरवून उभं असतानाही कळायचं. ही थप त्याच्या ओळखीची होती. वळण यायच्या जरा आधी, नेमकी त्याच जागी. पूर्वी याच ठोक्याला गाडी आचका द्यायची. आज थप झाली आणि गाडी सुळकन पुढे गेली.

त्याच्या डोक्यात काहीतरी फिरू लागलं. पण विचार करायला वेळ नव्हता. टेबल संपत होतं.

माउस शेंगांच्या टोपलीला भिडला. सासूबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा जावयाच्या कपाळावरच्या घामाकडे, आणि टोपली मांडीवर घेऊन खुर्ची मागे सरकवली. जावयाला त्यांनी वाट दिल्याची ही पहिलीच वेळ. आता टेबलाची कड आली. पुढे नुसती हवा.

आता मॅडम उठल्या. कोपऱ्यात शाळेच्या पाट्या रचून ठेवलेल्या असत, नवशिक्यांच्या गाडीला लावतात त्या, पांढऱ्यावर लाल एल काढलेल्या. त्यातली एक ओढून त्यांनी टेबलाच्या कडेला लावून आडवी धरली. माउस टेबलावरून पाटीवर उतरला, लाल अक्षर ओलांडून पुढे गेला. मॅडम दोन्ही हातांनी पाटी धरून उभ्या होत्या आणि त्यांचा पाय फरशी बडवत होता. थप, थप, थप. पण त्या थपांनी गाडीचा वेग जराही कमी झाला नाही.

वळण संपलं. समोर सरळ रस्ता, पुढे पांढरी रेषा. निळी गाडी दुसरी आली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. सासूबाईंनी ओंजळभर दाणे जावयाच्या डोक्यावर उधळले आणि मग ते सगळे त्यालाच वेचायला सांगितले.

घड्याळजी टेबलाखाली वाकला. तिथे मॅडमचा पाय होता, अजून फरशीवर घट्ट दाबलेला. तो बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिला. मग दाणे तिथेच टाकून वर आला.

"मॅडम, तेव्हा गाडी मी बंद पाडायचो, की तुम्ही?"

मॅडमनी पाटीवर नसलेली धूळ पदराने पुसली. कान मात्र पाटीवरच्या एलसारखे लाल झाले होते.

"पास झाला असतास," त्या म्हणाल्या, "तर दुसऱ्या दिवशी कशाला आला असतास?"