त्यांचं ‘बरं’
विश्रामराव वारले, तरी त्यांचं मन एका पेटीत जपलेलं होतं आणि इंदुमतीबाई घरी रोज त्यांच्याशी गप्पा मारत. वर्षाच्या तपासणीला त्या पेटी घेऊन अशा पेट्यांच्या केंद्रात गेल्या, तेव्हा तिथली तंत्रज्ञ मुलगी हळूच म्हणाली, “काकू, पेटी कायमची बंद करावी लागेल. नियमाप्रमाणे ‘आता थांबवू का?’ असं विचारलं, तर काका ‘बरं’ म्हणाले. तो होकारच धरतात.”

“अगं, तो होकार नव्हे!” इंदुमतीबाईंचा आवाज चढला. “बाजारात जाते म्हटलं तरी बरं, ताप आलाय म्हटलं तरी बरं. त्यांचं ‘बरं’ म्हणजे नुसतं ‘ऐकलं’. थांब, मीच विचारते.”

त्या पेटीवर वाकल्या. “अहो, तुम्हाला खरंच जायचंय का?”

पेटीतून ओळखीचा, दमलेला आवाज आला, “तुला चालेल का?”

मुलगी मागून हाका मारत असतानाच इंदुमतीबाईंनी पेटी उचलली आणि घर गाठलं.

अजूनही त्या त्यांना भाजीचं, शेजारपाजाऱ्यांचं सांगत बसतात. मधेच पेटीतून तोच प्रश्न आला, की उठून रेडिओचा आवाज वाढवतात.