काचेतली तिसरी सून

तिसऱ्या मादीची अंडीही पांढरी पडली.

सावित्रम्मांनी चष्मा सावरला आणि नाक पार काचेला टेकवलं. टाकीत शहाबादी फरशीचा एक तुकडा तिरपा उभा केला होता. त्यावर मोहरीएवढी तीन-चारशे अंडी. शुक्रवारी मधाच्या रंगाची होती. आज रविवारी बघावं तर बुरशी धरून पांढरीफटक. मादी मात्र तिथून हलायला तयार नाही, आपली पंखांनी वारा घालत उभी.

आता खरं सांगायचं तर मासे हा काही सावित्रम्मांचा विषय नव्हे. लिंगायत घर. मासा खायचा सोडाच, बिदरच्या बाजारात त्या गल्लीनं त्या जातसुद्धा नसत. मुलानं, अमरनाथनं, फ्लॉवरहॉर्न जातीचा हा नर मासा घरी आणला तेव्हा त्यांनी चार दिवस अबोला धरला होता. लालभडक अंग, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि माज तर विचारूच नका! पण गुडघे गेलेले, बाहेर जाणं बंद, टीव्हीवरच्या मालिका तरी किती बघायच्या? हळूहळू त्यांची खुर्ची टीव्हीसमोरून टाकीसमोर आली.

मग काय, म्हातारीला सगळं कळायला लागलं. मादी आणली की नराजवळ थेट सोडायची नाही, मारून टाकतो. मध्ये काच घालायची आणि आठ-दहा दिवस दोघांना नुसतं बघू द्यायचं. काच काढली की दोघं तोंडात तोंड धरून झोंबतात. पहिल्यांदा हे बघून सावित्रम्मा किंचाळल्या होत्या, "आगं बाई, मारलं की तिला!" अमरनाथ हसला होता. "भांडायले न्हाईत अव्वा, एकमेकाला जोखायलेत." आणि एकदा मनं जुळली की दोघं मिळून फरशी तोंडानं घासून लख्ख करतात. ते बघून तर सावित्रम्मांनी कपाळावर हात मारला. नवरा असून फरशी घासतो म्हणजे काय! येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हे बोलावून दाखवत. मादीला त्या सूनच म्हणत.

खऱ्या सुनेचं मात्र आज ठरलं होतं. दुपारी तिचे वडील गुंडप्पा निर्ण्याहून मल्लेश्वरीला न्यायला येणार होते, कायमचं. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. मल्लेश्वरीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, नवस झाले. अमरनाथही एकदा हैदराबादला जाऊन आला होता आणि माझं सगळं ठीक आहे म्हणाला होता. मग राहिलं कोण? सावित्रम्मांनी औरादकडची दुसरी मुलगी हेरून ठेवली होती. बाई दुष्ट नव्हती हो, पण नातवापायी झुरत होती.

अमरनाथ जाळी घेऊन आला.

"ही बी बाद निघाली," तो म्हणाला. "परत करतो अन् दुसरी आणतो."

"अन् तिची बी अंडी पांढरी पडली तर?"

"तर आणखी एक बघू."

सावित्रम्मांनी काचेवरचं नाक न काढताच त्याला झापलं. "येडा हायस का खुळा रे? तिघींनी अंडी घातली की! राखायल्या बी त्याच. माझ्या माहेरी कमठाण्याला अप्पाच्या तिन्ही म्हशी एका वर्षी गाभण राहिनात. अप्पानं म्हशी इकल्या व्हय? एक राहिली न्हाई तर म्हशीत खोट म्हणावं. तिन्ही राहिल्या न्हाईत तर रेड्यात खोट! शेंबडं पोरगं बी सांगंल हे. तू मादीच कामून बदलायलास? नर बदल की!"

आणि आपल्याच बोलण्यावर खुश होऊन खो-खो हसल्या.

दुसरं कोणीच हसलं नाही. सावित्रम्मांनी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात मल्लेश्वरी चहा घेऊन उभी होती. अमरनाथची नजर जाळीतून वर येईना. आपण काय बोलून बसलो ते म्हातारीला आता कुठं ऐकू आलं.

"अमर," त्या हळूच म्हणाल्या. "हैदराबादच्या डाक्टरनं तुला काय सांगितलंतं रे?"

अमरनाथनं जाळी टाकीच्या कडेवर ठेवली.

"हेच. खोट माझ्यातच हाय म्हणून."

"कवा?"

"दोन वर्सं झाली, अव्वा."

मल्लेश्वरीनं चहा खाली ठेवला. "दोन वर्सं! दर सोमवारी लेकरासाठी मी उपाशी ऱ्हायले. अन् तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात."

सावित्रम्मांना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'वांझोटी' हा शब्द या घरात पहिल्यांदा त्यांनीच उच्चारला होता, तोही शेजारणीसमोर. त्या खुर्चीला धरून उठल्या, सुनेजवळ गेल्या, पण तिच्या अंगावर हात ठेवायचा धीर झाला नाही.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. गुंडप्पा दारात आले. चपला काढून खाली मान घालूनच उभे राहिले. लेकीला परत न्यायला आलेला बाप, मान वर कशी करणार?

"तयारी झाली का?" त्यांनी विचारलं.

सावित्रम्मांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अमरनाथकडं बोट केलं.

"तुमची लेक कुठं बी यायची न्हाई, इवाई. ह्याला न्या निर्ण्याला. मला आत्ता सांगितलं ते तुमच्या अंगणात, चार माणसांत सांगू द्या. अन् सांगितल्याबगर ह्याला पाणी बी विचारू नका."