चक्कीचं दार

समजा, तुमच्यासमोर जेवणाच्या टेबलाएवढं एक गाव आहे. त्यातला माणूस अंगठ्याच्या पेराएवढा, शिशाचा, हातात भाला घेतलेला. नदीकाठी विटांची पाणचक्की. तिचं छप्पर डबीच्या झाकणासारखं उचललं की आत दबा धरून बसलेले सैनिक दिसतात. आता सांगा, चक्कीचं दार कुठल्या अंगाला? नीट विचार करा. उत्तर चुकलं तर तुमच्या आजोबांच्या सुऱ्या काढून घेतल्या जाणार आहेत.

अकरा वर्षांच्या हेटीचा तो आठवडा याच काळजीत चालला होता.

तिचे आजोबा क्लेमेंट हे एल्डरबी गावच्या लढाई-खेळ मंडळासाठी चाळीस वर्षं सुरीने कापून अशी चिमुकली घरं बनवत होते. या शनिवारी मंडळ १६४३ सालची चक्कीची चकमक खेळणार होतं. आजोबांनी दार नदीच्या अंगाला केलं होतं. चक्कीच्या एकमेव जुन्या फोटोत ते रस्त्याच्या अंगाला होतं.

"फोटो चुकलाय," आजोबा म्हणाले.

"फोटो कसा चुकेल, बाबा?" हेटीची आई म्हणाली. "माणूस चुकतो. परवा तुम्ही किटली चुलीवर तशीच विसरलात. शनिवारपर्यंत दार बदललं नाहीत, तर त्या सुऱ्या मी घेऊन जाणार. विसराळू माणसाच्या हातात धारेच्या वस्तू नकोत. आणि सोमवारी डॉक्टरकडे."

 आजोबांनी अंगठा मुठीत दाबून धरला. काळजीत असले की ते असंच करत.

त्या अंगठ्यावर आडवी खूण होती. "पहिलंच घर करताना कापलं," असं सांगून ते हेटीला ती दाखवत. "सुरी नेहमी बोटांपासून लांब ओढायची. घाई केलीस की घर तुझी आठवण ठेवतं."

चक्की पाडली तेव्हा आजोबा दहा वर्षांचे होते. दोन वर्षांनी गावातल्या वर्तमानपत्राने तिचा फोटो कुणाकडे असेल तर पाठवा, असं आवाहन केलं. एकच फोटो आला, पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय. पुढे तो संग्रहालयात गेला. चक्की म्हटली की सगळे तोच फोटो बघून बनवत.

गुरुवारी शाळा सुटल्यावर हेटी छापील फोटो घेऊन आजोबांच्या खोलीत बसली आणि विटांचे थर मोजू लागली. चार थर म्हणजे एक फूट. पडून गेलेल्या घराची उंची अशीच काढायची असते. दाराला सतरा थर आले, म्हणजे जेमतेम सव्वाचार फूट. तिने पुन्हा मोजले. सतराच.

मंडळाचे प्रमुख ऑडली चहाला आले होते.

"मिस्टर ऑडली, या दारातून जाताना माझंसुद्धा डोकं आपटेल," हेटी म्हणाली.

"तेव्हाची माणसं बुटकी असायची, पोरी."

"आणि गवत खिडकीपर्यंत?"

"आळशीही असायची."

आजोबा त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले. मग अंगठा परत मुठीत गेला.

"क्लेमेंट, हट्ट सोड," ऑडली हळूच म्हणाले. "आपण शाळेपासूनचे मित्र. चुकीच्या दाराची चक्की मी टेबलावर ठेवली तर शेजारच्या गावची मंडळी वर्षभर माझी टर उडवतील."

"मग रस्त्याकडचं दार ठेवशील आणि तेव्हाच चुकशील."

"पुरावा दे."

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. हेटीच्या मनात आलं: आई म्हणते ते खरं असेल तर?

शनिवारी सकाळी सभागृहात टेबलं मांडली गेली. ऑडलींनी संग्रहालयातून मूळ फोटो मागून आणला होता. छापील नकलेत सगळीकडे नुसते ठिपके दिसत, हा मात्र काचेसारखा स्वच्छ होता.

"बघ. दार रस्त्याकडेच," ऑडली म्हणाले. "आणि शेजारी गिलाव्याचा हा लांबट डाग, मधून आडवा तडा गेलेला. आजवर प्रत्येकाने हा डाग रंगवलाय. मीसुद्धा, दोनदा. तू तोही गाळलास."

"बाबा, आता तरी माना," आई म्हणाली. तिच्या हातात सुऱ्यांची पेटी होती.

"मी ती चक्की पाहिलीये."

"दहा वर्षांचे होतात तुम्ही!"

आजोबांची मूठ घट्ट मिटली. हेटीने भिंग उचललं. थर पुन्हा एकदा मोजायचे, एवढंच तिला सुचलं. खालून वर एक, दोन, तीन. दाराशेजारी येताच भिंग थांबलं.

डागात रेषा होत्या. बारीक, वळलेल्या, एकीच्या पोटात दुसरी, तळ्यात खडा पडल्यासारख्या. तडा त्यांना आडवा कापत गेला होता. डाग जवळजवळ दाराएवढा उंच होता.

हेटीने भिंग बाजूला करून स्वतःचा अंगठा पाहिला. मग आजोबांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं.

"काय गं, किती थर झाले?" ऑडलींनी विचारलं.

 आजोबा तिच्याकडेच बघत होते, काच फोडताना सापडलेल्या मुलासारखे.  मग त्यांनी सावकाश मूठ उघडली आणि अंगठा फोटोशेजारी उताणा ठेवला. "हे माझं पहिलं घर, बारा वर्षांचा होतो, घाईत दार उलट्या अंगाला केलं."

हेटीने भिंग ऑडलींच्या हातात दिलं.