टिंब नसलेलं अंडं

सलग दोन वेळा बजी पोपटांच्या अंड्यांतून पिल्लं निघाली नाहीत, तेव्हा सुनेत्राला धाकट्या जावेचा संशय आला. हेमांगी वरच्याच मजल्यावर राहायची. सुनेत्रा शाळेत शिकवायला गेली की पक्ष्यांचं दाणापाणी तीच बघायची, आणि तिच्या स्वतःच्या पिंजऱ्यात मात्र दर वेळी पिल्लं व्हायची.

तिसऱ्या खेपेला सुनेत्राने चारही अंड्यांवर पेन्सिलीने बारीक टिंब काढलं. आठ दिवसांनी मादी दाणे खायला बाहेर आल्यावर तिने घरट्याच्या पेटीत पाहिलं. अंडी चारच होती, पण एकावर टिंब नव्हतं. माझं चांगलं अंडं उचलून स्वतःकडचं नासकं ठेवलं, असं मनाशी म्हणत ती तडक वर गेली.

"माझं अंडं कुठंय?"

"टाकून दिलं, ताई," हेमांगी म्हणाली. "बॅटरीच्या उजेडात पाहिलं मी. तुमची सगळी अंडी रिकामीच असतात. नर म्हातारा झालाय. म्हणून माझ्याकडचं एक ठेवलं."

सुनेत्राचा विश्वास बसला नाही. खाली येऊन तिने ते अंडं बॅटरीसमोर धरलं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं. बाकीची तिन्ही नुसती पिवळी होती.

हेमांगी मागोमाग येऊन दारात उभी होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तो नर भाऊजींनी आणलेला. ते गेल्यापासून तुम्ही त्याच्याबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही."

मादी परतायच्या आत सुनेत्राने अंडं अलगद पेटीत ठेवलं आणि जावेसाठी खुर्ची पुढे ओढली.