पेशंटची तक्रार नाही

कोपराचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाई मुरांब्याचा पाक बिघडवल्याबद्दल लेकीला, वृंदाला, चिडवत होत्या. तेवढ्यात पलंगाने विचारलं, "आजी, हात दुखतोय?"

"बरंय रे बाबा. तूच दमला असशील."

वृंदा हसली. वॉर्डात नर्सच्या जागी आता बोलते पलंग होते आणि ते पेशंटचा शब्द प्रमाण मानत. आईचं आयुष्यभर प्रत्येक दुखण्यावर हेच उत्तर असायचं, हे पलंगाला कोण सांगणार?

पुढच्या चार दिवसांत प्लास्टरखाली सूज वाढत गेली, आई 'बरंय'च म्हणत राहिली; जखम चिघळून विष रक्तात भिनलं आणि आई गेली.

"रुग्णाची काहीच तक्रार नव्हती," पलंग म्हणाला.

वृंदाने आईचा गार हात धरला. इतकी वर्षं गिळलेलं मोठ्याने बाहेर पडलं, "एकदा तरी दुखतंय म्हणायचंस, आई! आम्ही काय परके होतो?"