ते स्थळ अजून आहे का?

"पानी नको," कमळाकर म्हणाला. "आदी तो फोटो काड."

नम्रताने पुढे केलेला पेला तसाच हातात राहिला. शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या त्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक फोन आणि खुर्च्या, एवढंच सामान. तिचा नवरा आदेश आठवडाभर मुरबाडला कंपनीत जाई आणि रविवारी इथे बसून वधू-वरांची वेबसाइट चालवी. लोक सायबर कॅफेत फोटो बघत आणि नंबर विचारायला इथे फोन करत. ते फोन नम्रता घ्यायची आणि कोणाला कोणाचा नंबर दिला ते वहीत लिहून ठेवायची.

सापगावचा कमळाकर आज मुलीला घेऊनच आला होता. कुणाली दारातच उभी होती. याच साइटवरून तिचं प्रणितशी लग्न जुळलं होतं. तो मारायचा. दिवाळीला ती माहेरी आली ती परत गेली नाही. आणि आता प्रणितचा फोटो पुन्हा साइटवर आला होता. खाली लिहिलं होतं, अविवाहित.

"काका, मी काय लोकांच्या घरात शिरून बघतो का?" आदेश म्हणाला. "त्यांनी लिहून दिलं, मी लावलं."

"तुला म्हाईत नव्हता? लग्नात पयल्या पंगतीला बसलावतास."

"शंभर लग्नांना जातो मी."

कुणाली आत आली. कॉम्प्युटरपाशी वाकली आणि पडद्यावर बोट ठेवलं. प्रणितच्या कोटाच्या खांद्यावर, फोटोच्या अगदी कडेला, चार बोटं होती. त्यामागे हिरव्या बांगड्या.

"हा माझा हात आहे," ती म्हणाली. "लग्नातलाच फोटो आहे हा. मला कापलं, हात राहिला."

मग नम्रताने विचारलं, "कापला कोणी?"

आदेशने तिच्याकडे पाहिलंच नाही. "त्यांनी सांगितलं तसा कापला. मला वाटलं, बहिणीचा हात असेल."

"बहिणीचा?"

"तू मधे पडू नकोस." त्याचा आवाज चढला. "आणि काका, तुम्हीपण ऐका. मला स्वतःलाच आता या धंद्याचा वीट आलाय. ज्याचं फिसकटतं तो माझ्या दारात येतो. यंदाची लगीनसराई उरकली की बंदच करणार आहे मी हे."

"म्हंजे तवर आजून किती पोरी द्यायच्यात तुला?"

"तोंड सांभाळा."

"नायतर काय करशील? हात उचलशील? उचल. तो पन उचलायचा."

तेवढ्यात फोन वाजला. नम्रताने उचलला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. "धसईवरून बोलतोय, ताई. तो मुलगा, प्रणित. ते स्थळ अजून आहे का? तुमी मागं नंबर दिलेला, तो हरवला. पोरीला पसंत हाय."

"गेलं म्हणून सांग," आदेश दबक्या आवाजात म्हणाला. "जुळलं म्हण कुठेतरी. विषय संपला."

नम्रताने रिसीव्हर कुणालीपुढे धरला.

"नको गो," कमळाकर घाईने म्हणाला. तो पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलला. "गावात बोभाटा व्हईल. आपल्याच घरची बात हाय. चल, घरला जाव."

कुणाली क्षणभर बापाकडे बघत राहिली. मग तिने रिसीव्हर घेतला.

"काका, मी प्रणितची बायको बोलते."

पलीकडे काहीतरी पुटपुटणं झालं.

"मोठ्याने बोला. या कानाने मला नीट ऐकू येत नाही. त्याच्यामुळेच येत नाही." तिने पलीकडचा प्रश्न ऐकून घेतला. "हो. खरं सांगते. येऊन बघा वाटलं तर. सापगावला."

तिने फोन ठेवला. आदेश खुर्चीवरून ताडकन उठला आणि माऊस ओढला. "झालं समाधान? आता तो प्रणित माझ्यावर केस करेल. बंद. नाव पुसून टाकतो सगळं. साइटच बंद, आत्ताच्या आत्ता."

नम्रताने त्याचा हात धरला. "आत्ता नाही."

"तूच तर रोज डोकं खातेस, बंद करा, बंद करा."

"खात होते. पण या प्रणितचा नंबर मी माझ्या हाताने दिलाय लोकांना. कोणाकोणाला दिलाय, ते मला ठाऊक आहे. तुम्ही आज बंद करून मोकळे व्हाल. ते पोरी देऊन बसतील."

"मग काय, घरोघरी सांगत फिरणार?"

"हो. सगळ्यांना सांगून झालं की बंद करा. तोवर हात लावू नका."

"माझं नाव जाईल शहापुरात!"

"जाऊ दे."

आदेशने माऊस आपटला. जायचं म्हणून तो दारापर्यंत गेला. पण बाहेर दोन माणसं आवाज ऐकून थबकली होती. तो आतच थांबला.

कुणालीने खुर्ची फोनजवळ ओढली. "दुसरा नंबर सांगा, वहिनी."

"पोरी, बस झाला," कमळाकर म्हणाला. "यांचा काम हाय, हे सांगतील. तू कशाला?"

नम्रता वहीत बघून एकेक आकडा सांगत गेली, कुणाली दाबत गेली. बराच वेळ कोणी उचललं नाही. मग पलीकडून कोवळा आवाज आला.

"कोण, लग्नाची मुलगी तूच का? प्रणितचं स्थळ तुझ्यासाठीच बघतायत ना?" कुणाली म्हणाली. "नाही नाही, थांब. बाबांना फोन देऊ नकोस. मला तुझ्याशीच बोलायचंय."