शुभाशीर्वाद

अंतरपाटाच्या एका बाजूला राजेश्वरी, दुसऱ्या बाजूला सत्यम आणि माईकवर माजी सभापती कैलासभाऊ. वडगावच्या कार्यालयात गोरज मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. आधी सरपंचांनी वधूवरांना आशीर्वाद दिले, मग पतसंस्थेच्या अध्यक्षांनी, मग कुणा भावी नगरसेवकाने. प्रत्येकाने 'दोनच शब्द बोलतो' म्हणून सुरुवात केली होती. कैलासभाऊ आता धरणाच्या पाण्यावर आले होते.

पाहुणे मुठीत अक्षता धरून बसले होते. घामाने त्यांचा भात व्हायची वेळ आली, तरी कुणी हूं की चूं करीत नव्हतं. अक्षता पडल्याशिवाय पंगत बसत नाही आणि भाऊंचं आटोपल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, हे मावळात कुणाला सांगावं लागत नाही.

पुढच्या रांगेत नंदाआत्या होती. तिला शुगर. चेहरा पांढराफटक पडलेला, तरी मूठ घट्ट मिटलेली. राजेश्वरीला ते दिसत होतं. पण वडिलांनी, भिमाजींनी, सकाळीच बजावलं होतं, की आजचा दिवस तरी गप्प राहा. भाऊ दुखावले तर गावात जड जाईल आणि सासरी पहिल्याच दिवशी नाव खराब व्हायचं.

"अवो, आत्याला चक्कर येतीया," ती अंतरपाटाआडून कुजबुजली.

"समदी थांबल्यात की," पलीकडून सत्यम म्हणाला. "आपुनच कसं आगाव व्हायचं?"

राजेश्वरीने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग अंतरपाट हाताने खाली सारला आणि हार सरळ सत्यमच्या गळ्यात घातला.

हार दिसताच बँडवाल्याने सवयीने ढोलावर काठी मारली. बँड वाजला म्हणून पुढच्यांनी अक्षता टाकल्या, पुढच्यांनी टाकल्या म्हणून मागच्यांनी. भटजींनी घाईघाईने 'शुभमंगल सावधान' गाठलं. कुणीतरी नंदाआत्याच्या तोंडात जिलेबी कोंबली. धरणाचं पाणी तिथंच अडलं.

भिमाजी हात जोडून भाऊंसमोर उभे राहिले, लेकीची चूक पदरात घ्या म्हणाले. भाऊ केसांतल्या अक्षता झटकत थेट राजेश्वरीसमोर आले. तिने मान खाली घातली नाही.

भाऊंनी माईक बंद असल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"पोरी, सकाळधरनं लग्नंच फिरतोय. पोटात अन्नाचा कण न्हाई. सोमाटण्याला अजून एक हाय, तितं येतीस का?"